कितव्यावर?

रविवारी सकाळी सात वाजता धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही गाडीवेडे लोक जमतो. पंधरा-वीस गाड्या, तितकीच माणसं, आणि त्यांत बाई मी एकटी. मिसळ येईपर्यंत सगळ्यांची बॉनेटं उघडी असतात, मिसळ आल्यावर तोंडं. मला पन्नाशी लागली. सव्वीस वर्षं गाडी चालवतेय, आणि नोकरीही अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, सुट्या भागांच्या गुणवत्ता तपासणीत केली. तरी दर दोन-तीन रविवारी कुणीतरी नवा आलेला मुलगा मला टॉर्क म्हणजे काय ते समजावून सांगतोच. मी निमूट ऐकून घेते आणि शेवटी एवढंच विचारते, की कसारा घाट वर येताना तुझी गाडी तिसऱ्यावर काढते का? तो गोंधळतो. त्याच्या गाडीला गिअर बदलायची दांडीच नसते. तो म्हणतो, ताई, आता ते बघावं लागत नाही. मी म्हणते, बरं बाबा, आणि पाव मोडते.

ते बघावं लागत नाही, हेच माझं रडगाणं आहे. पण ते त्या पोराला काय सांगणार.

गाड्यांबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती कुणी विचारलेली नसतात. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा प्रश्न मला फार विनोदी वाटतो. नाशकात शून्य ते शंभर जायला जागा कुठे आहे? द्वारकेच्या चौकात आपण शून्य ते दहा जातो आणि परत शून्यावर येतो, असं चार सिग्नल. गाडीची खरी ताकद कळते ती कांद्याच्या ट्रॉलीमागे. दुसरा गिअर, वीसचा वेग, समोरून एसटी येतेय, आणि तुम्हाला ट्रॉली ओलांडायची आहे की नाही हे एका क्षणात ठरवायचंय. त्या वेळी पायाखाली जे मिळतं तेवढंच तुमचं. बाकी सगळं माहितीपत्रकात.

रोजच्या चालवण्याचंही तसंच. लोक गाडी घेताना छत उघडतं का ते बघतात. मी क्लच दाबून बघते. कॉलेज रोडला संध्याकाळी क्लच एकशे चाळीस वेळा दाबायचा असतो, छत किती वेळा उघडायचं असतं? नवऱ्याच्या मते मात्र गाडी म्हणजे चार चाकं आणि एसी. त्याच्याशी या विषयावर मी भांडत नाही. सुखी माणूस आहे.

आणि भरवसा. भरवशाची गाडी म्हणजे कधी न बिघडणारी, असं लोक धरून चालतात. न बिघडणारं जगात काही नसतं. माझं म्हणणं असं, की भरवशाची गाडी बिघडण्याआधी सांगते. तिचं ऐकायला मात्र कान तयार हवेत. हे वाक्य मी त्या रविवारच्या टोळक्यात इतक्या वेळा ऐकवलंय, की आता मी तोंड उघडलं की निम्मे जण ते माझ्याबरोबर म्हणतात. हसतात. त्यांना माहीत नाही की याच वाक्याने माझा घात केला.

आमची जुनी गाडी शेवाळी रंगाची होती. वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, निवृत्त झाल्यावर घेतली. पांढऱ्या गाडीला तीन महिने थांबावं लागणार होतं आणि या शेवाळीला गिऱ्हाईकच नव्हतं, म्हणून ती आठवड्यात मिळाली. पेट्रोलवर चालणारी, पाच गिअरची, मागे डिकी असलेली साधी गाडी. आई तिला पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "अहो, ही विहिरीतून काढलीत का?" पण पुढे त्या रंगाचा फायदा झाला. कुठल्याही लग्नाच्या गर्दीत आमची गाडी लांबून ओळखू यायची.

अण्णा चाळीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर देखभालीचे फिटर होते. त्या धडधडीत त्यांचे कान हळूहळू गेले. निवृत्तीच्या वेळी उजव्या कानाने थोडंफार यायचं, डाव्याने जवळजवळ नाहीच. पण यंत्र ऐकायची सवय काही जाईना, म्हणून ते तळव्याने ऐकायला लागले. मिक्सरवर हात ठेवून सांगायचे की याचा बुश गेलाय. पंपाच्या पाइपला हात लावून सांगायचे की पाणी नाही, नुसती हवा खेचतोय. गाडीत ते कायम पुढे, माझ्या डावीकडे बसायचे आणि उजवा तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवायचे. देवापुढच्या माणसासारखे दिसायचे अगदी.

गाडी मीच चालवायचे. अण्णांनी गाडी घेतली खरी, पण त्यांना हॉर्न ऐकू यायचा नाही, म्हणून पहिल्या महिन्यातच त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. दुसरी किल्ली मात्र स्वतःकडे ठेवली, शर्टाच्या खिशात, श्रवणयंत्राच्या डबीबरोबर.

वर्षातून चार-पाच वेळा आम्ही मुंबईला मावशीकडे जायचो आणि परत येताना कसारा घाट लागायचा. तिथे आमच्या घरचा एक विधी होता. घाट सुरू होण्याआधी अण्णा हात पुढे करून एसी बंद करायचे. एसीने इंजिनची थोडी ताकद खाल्ली जाते, आणि आमच्या गाडीकडे उधळायला ताकद नव्हती. मग चारही काचा खाली. गरम वारा आत, ट्रकच्या ब्रेकचा जळका वास आत, मागच्या सीटवर आई पदराने वारा घेतेय आणि म्हणतेय, गाडीला दम लागतो, माणसांना लागत नाही का? मी तिसरा टाकायचे. आता कसोटी ही, की वरपर्यंत दुसऱ्यावर यायचं नाही. वळणाआधी वेग राखून ठेवायचा, पुढचा ट्रक कुठे रेंगाळणार ते आधी ओळखायचं, पाय हलका पण उचलायचा नाही. नाशिकच्या जुन्या ड्रायव्हरांमध्ये गाडीची आणि माणसाची परीक्षा अशीच व्हायची. घाट तिसऱ्यावर काढते म्हटलं की पुढे काही विचारायची गरज नसायची.

मध्येच अण्णा विचारायचे, "कितव्यावर?"

वाऱ्याच्या आवाजात त्यांना उत्तर ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून मी स्टिअरिंगवरून डावा हात उचलून तीन बोटं दाखवायचे. त्यांना तळव्याने आधीच कळलेलं असायचं, हे पुढे कित्येक वर्षांनी माझ्या लक्षात आलं. तरी ते विचारायचे आणि मी बोटं दाखवायचे, आणि ते मान हलवायचे. वर इगतपुरीला पोचलो की चहाला थांबायचो. उतरल्यावर अण्णा बॉनेटवर दोनदा थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि म्हणायचे, "आलो."

आई गेल्यावरही आम्ही दोघं तसेच जायचो. मागची सीट रिकामी असली तरी मागच्या काचा खाली करायचो.

गाडी चौदा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. पंधराव्या वर्षी आरटीओत नेऊन तिची पुन्हा तपासणी करावी लागणार होती, आणि त्याच सुमारास मी एका नव्या गाडीच्या प्रेमात पडले होते. टर्बो इंजिन, ऑटोमॅटिक, सहा एअरबॅग. मी चाचणीला म्हणून ती चालवून आले आणि घरी येऊन शेवाळीत बसले, तर शेवाळी मला म्हातारी वाटली. हे मी कुणाला बोलले नाही. पण नंतर जे झालं ते समजायला हे माहीत असायला हवं.

त्र्यंबक रस्त्यावर एका दुपारी आवाज सुरू झाला. पन्नास-साठच्या मध्ये, पाय दाबला की कडकड असा बारीक धातूचा आवाज, पाय सोडला की बंद. माझे कान टवकारले. मी काच खाली केली, रेडिओ बंद केला, तीन-चारदा पाय दाबून सोडून बघितला आणि निकाल दिला: इंजिनच्या आतलं मोठं बेअरिंग. म्हणजे आज ना उद्या इंजिन बसणार, खोलावं लागणार, आणि चौदा वर्षांच्या गाडीचं इंजिन खोलणं म्हणजे आजारापेक्षा उपाय जड.

अण्णांनी तळवा डॅशबोर्डवर ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग ते वाकले आणि तोच तळवा पायाजवळच्या चटईवर दाबून बसले. त्या वयात तसं वाकून बसणं सोपं नव्हतं. वर आल्यावर म्हणाले, "इंजिन नाही हे. खालचा पत्रा आहे कुठलातरी."

मी म्हणाले, "अण्णा, तुम्हाला ऐकू तरी येतं का?"

चेष्टेत नव्हे, चिडून म्हणाले. माझ्या कानांवर कुणी शंका घेतलेली मला खपत नाही, आणि ती शंका एका बहिऱ्या माणसाने घेतली होती. अण्णांनी कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात ठेवली आणि काचेबाहेर बघत बसले. अंजनेरी येऊन गेली, त्र्यंबक आलं, दर्शन झालं, आम्ही परत आलो. ते यंत्र त्या दिवशी पुन्हा कानात गेलं नाही.

आमचा नेहमीचा मिस्त्री भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. दहा दिवसांनी येणार होता. दहा दिवस थांबता आलं असतं. मी थांबले नाही. जुन्या गाड्या घेणाऱ्याकडे गेले आणि प्रामाणिकपणाचा झेंडा मिरवत त्याला स्वतःच सांगितलं की इंजिन जाणार आहे. त्याने गाडी चालू करून ऐकली आणि म्हणाला, मॅडम, काय कान आहे तुमचा, आमच्या पोरांना शिकवायला या. मी फुलले. अशा वेळी कौतुक करणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे, हा हिशेब शहाण्या माणसालाही सुचत नाही. मला कुठून सुचणार. मन आधीच नव्या गाडीत जाऊन बसलं होतं आणि कानांनी मनाला हवं ते ऐकून आणलं होतं. पण हे आज कळतंय.

गाडी न्यायला माणूस आला तेव्हा त्याने दुसरी किल्ली मागितली. अण्णा म्हणाले, हरवली. ज्या माणसाने चाळीस वर्षांत दहाचा पाना हरवला नव्हता, त्याने किल्ली हरवली. अण्णांनी बॉनेटवर दोनदा थाप मारली आणि घरात निघून गेले. "आलो" म्हणायचा प्रश्नच नव्हता.

नवी गाडी आली. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, पेढे वाटले. अण्णा आले आणि मागचं दार उघडून मागे बसले. मी म्हटलं, पुढे बसा ना. ते म्हणाले, मागे पाय पसरता येतात. खरंच पसरता येतात, त्यामुळे मला वाद घालता येईना.

पहिल्याच महिन्यात मी मुद्दाम मुंबईचा बेत काढला. येताना घाट लागला. माझा हात सवयीने एसीच्या बटणाकडे गेला आणि मी तो परत घेतला. कशाला बंद करायचा? गाडी काचा बंद करून, थंडगार, तक्रार न करता वर चढत होती. ट्रक मागे पडत होते. मी आरशात बघत होते. अण्णा खिडकीबाहेर दरीकडे बघत होते, दोन्ही हात मांडीवर. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. आता विचारतील, आता विचारतील, असं करत इगतपुरी आली. चहा पिताना ते म्हणाले, "छान आहे गाडी. काही जाणवतच नाही."

ते वाक्य मी चार वर्षं घोळवत होते. गाडीत खोट काढायला जागा नाही. चार वर्षांत एकदाही तिने मला रस्त्यात सोडलं नाही, आणि ट्रॉली ओलांडताना तर अशी झेपावते की मलाच हसू येतं. माझ्या सगळ्या मतांच्या कसोटीला ती उतरते. आणि तरी सिग्नलला माझा डावा पाय नसलेला क्लच शोधतो. डावा हात खाली जातो आणि पाण्याच्या बाटलीवर पडतो. शेवाळीच्या गिअरच्या गोट्यावरचे आकडे घासून पुसट झाले होते, फक्त तीनचा थोडासा उरला होता, आणि तो माझ्या तळव्याला अजून आठवतो. घाटातला तो गरम, घाणेरडा वारासुद्धा मला हवा आहे. आईची कुरकुर हवी आहे. पण ते सगळं जाणारच होतं, त्याचं मी रडत नाही. मला हवा होता तो एक प्रश्न. तो मी स्वतःच्या तोंडाने बंद केला होता, आणि माफी मागायची तर कशाची मागायची तेही धड ठाऊक नव्हतं, कारण माझ्या मते बेअरिंग गेलंच होतं. मी उद्धट बोलले होते, पण चुकले नव्हते, असं मी धरून बसले होते.

आता तर इगतपुरीपासून बोगद्यातून नवा महामार्ग निघालाय. घाट न चढताच माणूस वर येतो. रविवारची मुलं त्याचं फार कौतुक करतात. मी एकदा गेले. दिवे होते, रस्ता गुळगुळीत होता. मागच्या सीटवर अण्णा झोपले होते.

या फेब्रुवारीत चांदवडला एका नात्यातल्या मुलीचा साखरपुडा होता. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी आणि अण्णा दोघंच गेलो. परत येताना पिंपळगावला सर्व्हिस रोडवर चहासाठी गाडी लावत होते. द्राक्षांचा हंगाम, रस्त्याच्या कडेला टेम्पोंची रांग. तेवढ्यात मागून अण्णांनी माझ्या खांद्यावर बोटाने टकटक केलं.

"ती बघ."

पलीकडे एका पॅकहाउसच्या फाटकापाशी, धुळीने माखलेली, डिकी उघडी, आत द्राक्षांचे क्रेट रचलेले, शेवाळी रंगाची गाडी उभी होती. मी म्हटलं, आपली नसेल. अण्णांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. ते दार उघडून काठी टेकत निघालेच. मी मागोमाग गेले. डाव्या मागच्या दारावर पोचा होता. तो गाडी नवी असताना मी आमच्याच फाटकाला घासून पाडलेला, आणि अण्णांनी मुद्दाम न काढलेला. म्हणायचे, राहू दे, तुला आठवण राहील.

गाडीभोवती आम्ही दोघं घिरट्या घालतोय हे बघून आतून एक बाई बाहेर आली. तिशीची असेल. साडीवर पांढरा एप्रन, डोक्याला जाळीची टोपी. संशयानेच तिने विचारलं, काय पाहिजे. मी सांगितलं की ही चार वर्षांपूर्वी आमची होती. तिचा चेहरा एकदम खुलला. पॅकहाउसमध्ये माल निवडणाऱ्या बायकांवर ती देखरेख करत होती, गाडी तिची स्वतःची होती, आणि रोज शेताहून इथे आणि इथून शेताकडे तीच चालवत होती. तिने आम्हाला चहा मागवला. अण्णा चहाला थांबले नाहीत, ते बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले.

मला खरं तर विचारायचं नव्हतं. पण जीभ वळवळलीच. मी विचारलं, इंजिन बदलावं लागलं असेल ना?

"नाय ओ ताई. इंजिनाला अजून कोणी हात लावला नाय."

"मग तो आवाज? कडकड यायचा तो?"

"तो व्हय," ती म्हणाली. "सायलेन्सरच्या वर पत्रा असतो ना, त्यो ढिला झालेला. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं खाली घुसून पट्टी आवळून दिली. चहा व्हईपर्यंत काम झालं."

चहाचा कप माझ्या हातात होता. तो कुठे ठेवू ते मला कळेना. सव्वीस वर्षं, रविवारची ती भाषणं, तयार कान. एक पट्टी. तीही कुणीतरी चहा होईपर्यंत आवळलेली.

अण्णांना यातलं काही ऐकू आलेलं नव्हतं. त्यांची माझ्याकडे पाठ होती, आणि टेम्पो चालू होता. मी गप्प राहिले असते तर ते कधीच कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, हेही इथे सांगून टाकते. मग मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले, दंडाला धरून त्यांना वळवलं आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "अण्णा, पत्राच होता. खालचा पत्रा. तुमचं बरोबर होतं, मी चुकले."

क्रेट उचलणारे दोघं जण थांबून बघायला लागले. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे आता पाणावलेलेच असतात, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "सगळ्या पिंपळगावाला आलं."

मग ते त्या बाईकडे वळले आणि म्हणाले, "चालू कर बाळा जरा." तिने गाडी चालू केली. अण्णांनी तळवा बॉनेटवर ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ ठेवला. चालत्या इंजिनावर हात ठेवून माझे वडील उभे होते, आणि मी चार वर्षांपूर्वीचं ते एक वाक्य परत गिळू शकले असते तर काय हवं ते दिलं असतं.

तिनेच मला आत बसायला सांगितलं. मी बसले. आत आता द्राक्षांचा आणि मातीचा वास होता. गिअरच्या गोट्यावरचा तीनसुद्धा पुसला गेला होता, पण हाताला बरोबर जागा सापडली. मला राहवलं नाही. काचेतूनच मी तिला विचारलं, देशील का परत? ती ओढणीसारखं एप्रनचं टोक बोटांना गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "ताई, हिच्यावरच शिकले मी. घरात सगळे म्हणायचे जमायचं नाय. आता सासूला घेऊन वणीच्या गडावर जाते. एसी बंद करावा लागतो चढाला, पण तिसऱ्यावर चढते. शेवटच्या वळणाला तेवढा दुसरा लागतो."

एसी बंद करायचं तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. गाडीनेच सांगितलं असणार.

अण्णा प्रश्नार्थक बघत होते, काय म्हणतेय ती? मी खिडकीतून हात बाहेर काढला, गडाच्या दिशेच्या डोंगराकडे बोट केलं आणि मग तीन बोटं दाखवली.

अण्णा हसले. दात नसलेलं, पूर्ण हसू. त्यांनी शर्टाच्या खिशातून डबी काढली. मला वाटलं यंत्र कानात घालतायत. त्यांनी डबीतून यंत्राखालची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. म्हणाले, "गाडीला दोन किल्ल्या लागतात." मग बॉनेटवर दोनदा थाप मारली.

मी गाडीतून उतरले. परत मागायची गोष्ट मग मी काढली नाही. तिने आम्हाला एक क्रेट द्राक्षं दिली, नको नको म्हणताना आमच्या डिकीत ठेवायला लावलीच.

आमच्या गाडीपाशी आलो. मी मागचं दार उघडून धरलं. अण्णा त्याच्यासमोरून काठी टेकत पुढे गेले, पुढचं दार स्वतः उघडलं आणि बसले. बेल्ट लावायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही. ओझर गेलं. आडगाव गेलं, आणि शहरात शिरताना उड्डाणपुलाचा चढ लागला. फार मोठा चढ नाही. घाट म्हणावा असा तर अजिबात नाही.

अण्णांनी उजवा तळवा उचलून डॅशबोर्डवर सपाट ठेवला.

"कितव्यावर?"

मी समोरच्या पडद्याकडे बघितलं. तिथे नुसता डी होता. ही गाडी कितव्यावर आहे हे मला सांगत नाही, कधीच सांगितलेलं नाही. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, माहीत नाही म्हणून.

अण्णांनी डोळे मिटले. तळवा किंचित सरकवला, दाबला. मग डावा हात वर करून मला चार बोटं दाखवली.

मी हात पुढे केला आणि एसी बंद केला.